31,000 रुपये गेले आणि बिघाड निघाला अर्थिंगच्या एका बोल्टात

हे लिहायचंच नाही असं ठरवलेलं, कारण सांगायलाही लाज वाटते. पण परवा आमच्याच आळीतल्या काकांना मला लुटणाऱ्या त्याच गॅरेजवाल्याने "अल्टरनेटर गेलाय" (म्हणजे बॅटरी चार्ज करणारा पार्ट) सांगितल्याचं कळलं आणि डोकंच सणकलं. म्हणून लिहितेय.

गाडी 2008 ची, पेट्रोल, पहिली मालक मीच, 2023 ला रीपासिंग करून घेतलेली. जूनमध्ये पाऊस लागला आणि त्रास सुरू झाला. उभ्या गाडीत डॅशबोर्ड एकदम काळा, टेप बंद, दोन मिनिटांनी आपोआप सगळं चालू आणि घड्याळ परत 1:00 वर. कधी चावी फिरवली की नुसतं टक्. कधी आठवडाभर काहीच नाही, गाडी एकदम झकास. आईला मंगळवार, गुरुवार, शनिवार कोरेगावहून साताऱ्याला डायलिसिसला न्यावं लागतं, त्यामुळे गाडी रस्त्यात बंद पडणं मला परवडणारंच नव्हतं. "आधी दोन-तीन ठिकाणी दाखवायचं ना" असं आता जो येतो तो ऐकवतो. डायलिसिसचा पेशंट घरात असला की चार गॅरेजं फिरायला वेळ कुठून आणायचा ते पण सांगा मग.

गॅरेज हायवेलगतचं, मोठा बोर्ड, स्कॅनर, बसायला एसी खोली. मालकाने बॉनेट उघडलं, हाताखालच्या पोराने बॅटरीच्या निगेटिव्ह वायरला धरून जरा हलवलं आणि माझ्यासमोरचा डॅशबोर्ड भक्कन पेटला. मी सीटवरच बसलेले, माझ्या डोळ्यांनी बघितलं. पोरगा "शेठ, हे बघा" म्हणाला तर शेठने त्याला तिथल्या तिथे चहा आणायला पिटाळलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं! वायर हलवल्यावर लाइट येते म्हणजे वायरीतच लफडं आहे, हे घरातल्या टेबलफॅनवरून पण कळतं. पण मी तेव्हा घड्याळ बघत होते, आईला अकराला घ्यायला जायचं होतं.

मग त्याने मीटर लावला. 12.6. मलाच दाखवतो, "बघा मॅडम, 13 पण नाही, बॅटरी संपली." अहो, बंद गाडीत 12.6 म्हणजे फुल्ल चार्ज बॅटरी! 13.8 ते 14.4 दिसतं ते इंजिन चालू असताना, अल्टरनेटर चार्जिंग देतो तेव्हा. म्हणजे माझी चांगली बॅटरी मलाच दाखवून त्याने खराब ठरवली. आणि ती जेमतेम 14 महिन्यांची होती, वॉरंटी कार्ड समोरच्या ड्रॉवरमध्ये, माझ्या गुडघ्यापासून वीतभर लांब. रात्र-रात्र तेच आठवतं.

नवी बॅटरी 5,200, जुनीचे 700 वजा, 4,500 दिले. नऊ दिवस गाडी छान चालली, परत तेच. मग अल्टरनेटर 8,500. परत आठवडाभर ठीक. मग "ईसीएममध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) पाणी गेलंय", 14,000, तेही कॅश. वायरिंगचे म्हणून 3,200, दोनदा स्कॅनिंगचे 400-400. एकूण 31,000. दर वेळी काही दिवस बरं का वाटायचं तेही आता समजलं. काम करताना ती निगेटिव्ह वायर हलायची, काढून परत आवळली जायची, तेवढ्यापुरता कॉन्टॅक्ट लागायचा.

ऑगस्टमध्ये रात्री आठला, भर पावसात, आई शेजारच्या सीटवर, नुकतंच डायलिसिस झालेलं, आणि गाडी हेडलाइटसकट मेली. मागून ट्रक येत होते. तो पाऊण तास मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मामेभावाने रहिमतपूरचा एक वायरमन आणला. त्याने बॅटरीचं काही सांगितलंच नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या कोऱ्या धातूवर, मला म्हणाला, "ताई, स्टार्टर मारा." मीटरवर 3 च्या वर. म्हणाला, इथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको, तुमचा करंट परतीच्या वाटेवरच अडकतोय. बॅटरीचा ट्रे काढला, खाली बॉडीला अर्थिंगचा बोल्ट, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह वायर जिथे गाडीच्या पत्र्याला जोडतात तो, त्यावर पांढरी-हिरवी पूड, वायरीच्या अर्ध्या तारा तुटलेल्या. पॉलिशपेपरने घासून पत्रा चकचकीत केला, नवी केबल, वर ग्रीस. 350 रुपये. तेव्हापासून एकदाही बंद नाही.

आणि जाता जाता त्याने अल्टरनेटर दाखवला. वरून चंदेरी स्प्रे, खालच्या बोल्टांना गंज तसाच, आणि 2019 ला बेअरिंग बदलताना मारलेला पांढऱ्या रंगाचा ठिपका स्प्रेखालून दिसतोय. माझाच जुना! म्हणून सांगते, काढलेला पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

गॅरेजवाला म्हणतो, "तेव्हा तो प्रॉब्लेम होता, आता हा वेगळा." पक्कं बिल मागितलं तर म्हणे जीएसटी वेगळा पडेल, आणि मी पण गप्प बसले. पोलीस चौकीत तीनदा गेले. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तात. दुसऱ्यांदा "हे दिवाणी मॅटर आहे, ग्राहक कोर्टात जा." तिसऱ्यांदा लेखी अर्ज घेऊन गेले तर पोच द्यायला तयार नाहीत, वर विचारतात, घरात कोणी पुरुष माणूस नाही का बोलायला? जुना अल्टरनेटर रंगवून नवा म्हणून विकला, ही फसवणूक नाही तर काय आहे? परिवहन कार्यालयात गेले तर "गॅरेज आमच्याकडे येत नाही." ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, दीड महिन्याने मेसेज: समोरच्याकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद. अरे, तो प्रतिसाद देणार असता तर मी तुमच्याकडे कशाला आले असते! प्रत्येक जण दुसऱ्या दाराकडे बोट दाखवतो आणि तो माणूस रोज शटर उघडून बसतो.

वायरमनने चार ओळी लिहून सही करून दिलीये, बोल्टाचे आणि त्या ठिपक्याचे फोटो आहेत, यूपीआयचे 17,000 दिसतात, कॅशचे 14,000 कुठेच नाहीत. कॅश देऊ नका, खरंच देऊ नका. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी लागत नाही, 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. जुन्या गाडीची लाइट येते-जाते असं झालं तर आधी दोन्ही टर्मिनल आणि अर्थिंगची वायर उघडून साफ करायला लावा, तुमच्यासमोर. 300-400 रुपयांचा मीटर घरात ठेवा. काकांना मी काल स्वतः घेऊन गेले वायरमनकडे, त्यांच्या गाडीचा फक्त अल्टरनेटरचा बेल्ट ढिला होता. माझा अर्ज सोमवारी दाखल करतेय.