ब्युनोस आयर्समधलं जेवण आणि ५,६०,००० पेसोंची टोपी

पाच लाख साठ हजार पेसो. रुपयांत साडेपस्तीस हजारांच्या आसपास. हे जेवणाचं बिल नव्हे, बिल आणि टिपेच्या वर आमच्याकडून उपटलेली रक्कम आहे. बिल वेगळं: १,९१,००० पेसो, चौघांचे मिळून पावणेबारा हजार रुपये, आणि त्याबद्दल तक्रार नाही. मांस अप्रतिम होतं. हे लिहिताना तर आणखीच डोकं फिरतं.

अंटार्क्टिकाला जाणारी आपली मंडळी हल्ली वाढली आहेत. जहाज अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरच्या उशुआयाहून सुटतं, उशुआयाचं विमान बहुतेकांना ब्युनोस आयर्सहून घ्यावं लागतं, म्हणजे तिथे एक-दोन रात्री मुक्काम आलाच. आणि अर्जेंटिनात आलोय तर पारीशात, म्हणजे निखाऱ्यांवर मांस भाजणाऱ्या तिथल्या खाणावळीत, जेवायचंच हेही ठरलेलं. आम्हीही नोव्हेंबर २०२५ मध्ये तेच केलं. (आम्ही काय खाल्लं यावरून कृपया कुणी सुरू होऊ नका. महाराष्ट्रातला कायदा महाराष्ट्रात पाळतो. चौथा मित्र शाकाहारी आहे, त्याने भाजलेलं चीज आणि भाज्या खाल्ल्या आणि तोही आमच्याइतकाच लुटला गेला.)

संध्याकाळी फ्लोरिदा रस्त्यावर डॉलर बदलले. तिथे दर चार पावलांवर ‘काम्बियो, काम्बियो’ (म्हणजे पैसे बदला) ओरडणारे उभे असतात. दोनशे डॉलरचे १,४५० च्या दराने २,९०,००० पेसो मिळाले, दहा हजारांच्या एकोणतीस नोटा. आमच्यातला एक जण सीए आहे. त्याने हॉटेलवर येऊन एकेक नोट दिव्यासमोर धरली, जलचिन्हातले दोन चेहरे दिसतात की नाही ते पाहिलं, मगच पाकिटात ठेवली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच भागातल्या एका पारीशाबाहेर एक पोरगा मेन्यूकार्ड घेऊन उभा होता. संध्याकाळी सातलाच आतली सगळी टेबलं भरलेली. गर्दी आहे म्हणजे जागा चांगली, असा आपला हिशेब. तिथली माणसं रात्री नऊच्या आधी जेवायला बाहेर पडत नाहीत. सातला भरलेली जागा पर्यटकांनी भरलेली असते.

बीफे दे चोरिसो दोन, ओहो दे बीफे एक (दोन्ही गोमांसाचे तुकडे), प्रोवोलेता म्हणजे भाजलेलं चीज, भाज्या, एम्पानादा म्हणजे तिथल्या करंज्या, मेंदोसाच्या मालबेक वाइनची एक बाटली. बिलात ‘कुबिएर्तो’ म्हणून माणशी ३,५०० लावले होते. तो पाव-टेबलाचा आकार असतो, मेन्यूत खाली बारीक अक्षरांत लिहिलेला असतो. त्यावर वाद घालू नका, ती ठगी नाही. ठगी त्यानंतर सुरू झाली.

टीप धरून वीस नोटा दिल्या, २,००,०००. वेटर त्या घेऊन गल्ल्याकडे गेला आणि चेहरा पाडून परत आला. हातात सहा नोटा. ‘फाल्सो.’ म्हणजे खोट्या. पुढे मोडक्या इंग्रजीत, अगदी सहानुभूतीने: फ्लोरिदावर बदलल्यात ना? रोज होतं असं, बिचारे टुरिस्ट.

इथेच. नेमकं इथेच कळायला हवं होतं. सीए मित्र म्हणाला, “अरे, मी प्रत्येक नोट उजेडात बघितलीय, या आपल्या नाहीतच.” आणि आम्ही तिघांनी त्यालाच गप्प केलं. असू दे रे, परक्या देशात तमाशा नको, रस्त्यावरून बदललेत, पोलीस आले तर आपणच अडकू. वेटरला आणखी खोटं बोलावं लागलंच नाही, आमची भीती त्याचं काम करत होती. शेजारच्या टेबलावरचे लोक बघत होते, बाटली संपली होती, पहाटे विमान होतं. त्या खुर्चीत बसून बघा म्हणजे कळेल. घरी बसून ‘मी असतो तर’ म्हणणं सोपं आहे.

सहा नोटा बदलून दिल्या. तो पुन्हा आला, आणखी पाच ‘फाल्सो’. आमच्याकडे आता तीनच उरल्या होत्या. मग तोच म्हणाला, राहिलेले ५०,००० कार्डाने द्या. पोसनेट, म्हणजे कार्डाचं मशीन, टेबलावर आणलं, अंगठा पडद्याच्या कडेवर ठेवून मशीन माझ्यापुढे धरलं. तिथे हजारांनंतर स्वल्पविराम नसतो, टिंब असतं. मंद उजेडात ५०.००० आणि ५००.००० यांत मला फरक दिसला नाही. मी पिन टाकला. पावती मागितली तर कागद संपला म्हणाला.

भारतातलं सिम रोमिंगच्या भीतीने बंद होतं, त्यामुळे मेसेजही आला नाही. हॉटेलच्या वायफायवर बँकेचं ॲप उघडलं तेव्हा ५,००,००० पेसो गेलेले दिसले. कार्डाच्या बिलावर ते मार्कअप (परदेशी व्यवहारावरचा बँकेचा आकार) आणि त्यावरच्या जीएसटीसकट ३१,९५७ रुपये झाले. अकरा नोटांचे १,१०,००० वेगळे. खरंच देणं असलेले ५०,००० वजा केले की ५,६०,०००.

नोटा देताना टेबलावरच मोठ्याने मोजा आणि त्याच्यादेखत पंखा करून फोटो काढा, नंबर दिसले पाहिजेत. नोट एकदा नजरेआड गेली की ती तुमची होती हे कुणालाही सिद्ध करता येत नाही. खऱ्या नोटा ठेवून खोट्या परत देण्याची हीच हातचलाखी टॅक्सीवालेही करतात.

आता अधिकाऱ्यांबद्दल. रात्री पोलीस ठाण्यात गेलो. फोनवरच्या भाषांतरातून बोलणं. नोटांचं नाव काढताच ड्युटीवरच्या माणसाने खांदे उडवले: पुरावा? कार्डाची तक्रार घेतली, पण पारीशाच्या पाटीवरचं नाव एक आणि माझ्या ॲपमध्ये दिसणारं नाव दुसरंच, तर तक्रार कोणाविरुद्ध, यावर त्यांनीच आपसात बराच वेळ चर्चा केली. शेवटी स्पॅनिशमध्ये एक कागद हातात दिला.

बँकेच्या कस्टमर केअरला त्याच रात्री फोन केला. संगीत ऐकवलं, आणखी संगीत ऐकवलं, मग कार्ड ब्लॉक करून एक नंबर दिला. मी समजलो तक्रार नोंदवली गेली. नाही! तो नंबर कार्ड ब्लॉक केल्याचा. व्यवहारावर आक्षेप घ्यायचा फॉर्म वेगळा, तो ईमेलने येतो, आणि तो येईपर्यंत आम्ही जहाजावर. परत आल्यावर हे लोक मला रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक दाखवतात: तीन कामकाजी दिवसांत कळवायला हवं होतं. अहो, कळवलं होतं! तुमच्याच माणसाने कार्ड ब्लॉक केलं, ते काय मला झोप येत नव्हती म्हणून? त्यावर उत्तर बदललं: पिन टाकला आहे, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीने झाला. मग स्पॅनिश कागदाचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर मागितलं, माझ्या खर्चाने. ते दिलं तर आता दुकानदाराची मूळ पावती हवी. जी त्याने दिलीच नाही, हीच तर माझी तक्रार आहे! दरम्यान कार्डाचं बिल भरण्याची तारीख आली. वाद चालू असताना पैसे थांबवता येतात का विचारलं तर ‘सिबिलवर परिणाम होऊ शकतो’ एवढंच उत्तर. भरले मुकाट्याने. पुण्यात पोलिसांकडे गेलो, तर हद्द नाही. हद्द नाही हे मलाही माहीत आहे, ब्युनोस आयर्स कोथरूडच्या पुढे लागतं.

जाणाऱ्यांनी एवढं करा. परदेशासाठी वेगळं कार्ड ठेवा आणि ॲपमधून त्याची मर्यादा रोजच्या रोज खाली आणा. मेन्यूवरचं $ चिन्ह तिथे पेसोचं असतं, डॉलर असतील तर U$S लिहितात, मशीनने चलन विचारलं तर पेसोच निवडा. मशीन स्वतःच्या हातात घ्या, शून्यं बोटाने मोजा, पावती मिळाल्याशिवाय उठू नका. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या सरकारने सामान्य लोकांवरचे डॉलरचे निर्बंध सैल केले, तेव्हापासून रस्त्यावरचा दर अधिकृत दराच्या फार पुढे नाही. अधिकृत दुकानातून बदला, पावती खिशात असेल तर ‘फ्लोरिदावर बदलल्यात ना’ म्हणणाऱ्याच्या तोंडावर ती मारता येते. आणि तुमच्या टोळक्यात नोटा तपासणारा एखादा किरकिऱ्या असेल तर त्याला बोलू द्या.

तीस दिवस उलटल्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली आहे. पिन टाकलेल्या परदेशी व्यवहाराचे पैसे कुणाला परत मिळाले असतील, तर बँकेला नेमकं काय लिहून दिलं होतं ते सांगा. ‘सुखरूप परत आलात ना’ हे मात्र नको, ते आईने सांगून झालंय.