ब्लड कल्चरच्या बाटलीतून थेट कार्बापेनेमेज कार्ड : काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्या हॉस्पिटलच्या मायक्रो लॅबमध्ये एनजी-टेस्ट कार्बा ५ हे कार्ड (जंतूंमधली कार्बापेनेमेज, म्हणजे औषध फोडणारी एन्झाइम्स, ओळखणारी झटपट टेस्ट) बरेच महिने वापरतोय, तेही प्लेटवर वाढलेल्या जंतूंच्या ठिपक्यातून (कॉलनीतून) नाही तर पॉझिटिव्ह झालेल्या, म्हणजे जंतू वाढल्याचं दाखवणाऱ्या, ब्लड कल्चरच्या बाटलीतून थेट. ओळखीच्या दोन-तीन लॅबवाल्यांनी विचारलं घ्यावं का, म्हणून सविस्तर लिहितेय. कार्ड उत्तम आहे हे आधीच सांगते, पण रात्री मायक्रोत कोणी नसेल तर त्याचा अर्धा फायदा वाया जातो, आणि माझी सगळी चिडचिड त्याच गोष्टीवर आहे.

प्रेग्नन्सी टेस्टसारखी पट्टी असते. केपीसी, ओएक्सए-४८, व्हीआयएम, आयएमपी आणि एनडीएम ही पाच एन्झाइम्स पकडते, म्हणजे मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम अँटिबायोटिक्स फोडून टाकणारी. १५ मिनिटांत रेषा येतात. नेहमीच्या पद्धतीत बाटली पॉझिटिव्ह आल्यावर प्लेट लावायची, दुसऱ्या दिवशी कॉलनी, मग सेन्सिटिव्हिटी (कुठलं औषध लागू पडतं ते), रिपोर्ट हातात पडेपर्यंत दोन दिवस जातात आणि तोवर सेप्सिसचा (संसर्गाने गंभीर झालेला) पेशंट अंदाजाने सुरू केलेल्या औषधावर.

आम्ही बाटलीतलं रक्त सिरिंजने काढून पिवळ्या टोपणाच्या जेल ट्यूबमध्ये फिरवतो, लाल पेशी जेलच्या खाली जातात आणि जंतूंचा पांढरट थर जेलवर राहतो. तो थर धुवायचा, बफरमध्ये मिसळायचा, व्हॉर्टेक्स करायचं (मशीनवर जोरात ढवळायचं) आणि १०० मायक्रोलिटर कार्डच्या खाचेत. धुताना घाई करू नका, लालसरपणा राहिला की पट्टीची पार्श्वभूमी गुलाबी होते आणि फिकी रेषा आहे की नाही यावर दोघांचं दोन मत होतं. आणि बाटलीतून थेट करणार असाल तर आधी आपल्या लॅबमध्ये पडताळणी कराच, आम्ही माहितीतले स्ट्रेन (एन्झाइम आधीच माहीत असलेले जंतू) बाटलीत घालून बघितले आणि नंतरही बराच काळ दुसऱ्या दिवशी कॉलनीवर परत कार्ड लावत होतो.

आमच्याकडे क्लेबसिएला या जंतूत सगळ्यात जास्त दिसतं ते एनडीएम आणि ओएक्सए-४८ दोन्ही एकत्र, केपीसी क्वचित. नेमकी कुठली रेषा आली यावर औषध ठरतं म्हणून हे महत्त्वाचं. नुसतं ओएक्सए-४८ असेल तर सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम (अँटिबायोटिक आणि एन्झाइम अडवणारं औषध एकत्र) चालण्याची शक्यता चांगली असते, पण एनडीएम असेल तर ते एकटं देऊन उपयोग नाही, अविबॅक्टम एनडीएमला अडवू शकत नाही. मग जोडीला ॲझट्रिओनॅम हे दुसरं अँटिबायोटिक लागतं, कारण ॲझट्रिओनॅम एनडीएमला फोडता येत नाही आणि त्याला फोडणारी बाकीची एन्झाइम्स अविबॅक्टम बंद पाडतं. ई. कोलाय या जंतूमध्ये मात्र जपून, आपल्याकडच्या एनडीएमवाल्या ई. कोलायमध्ये पीबीपी-३ (ॲझट्रिओनॅम ज्यावर काम करतं ते जंतूचं प्रोटीन) बदललेलं बऱ्याचदा सापडतं आणि तिथे ही जोडीसुद्धा कमी पडू शकते. मागे एकदा दुपारी दोन्ही रेषा ठळक आल्या, मी कार्ड हातात धरूनच आयसीयूला फोन लावला आणि मेरोपेनेमचा संध्याकाळचा डोस जायच्या आत डॉक्टरांनी औषध बदललं. त्या दिवशी हे काम करतोय याचं खरंच समाधान वाटलं.

आता कार्ड काय सांगत नाही ते. ॲसिनेटोबॅक्टर या जंतूमध्ये आपल्याकडे मुख्य भानगड ओएक्सए-२३ या एन्झाइमची, ते यात नाहीच, त्यामुळे तिथे निगेटिव्ह कार्डला काही अर्थ नाही. क्लेबसिएलातही निगेटिव्ह म्हणजे मेरोपेनेम चालणार असं अजिबात नाही, पोरिन (औषध आत शिरण्याचं जंतूवरचं छिद्र) गेलेलं असेल आणि ईएसबीएल (औषध फोडणारं वेगळ्या प्रकारचं एन्झाइम) असेल तरी रेझिस्टन्स येतो. वॉर्डमधून "निगेटिव्ह ना, मग मेरो चालू ठेवतो" असं ऐकू यायला लागल्यावर आम्ही रिपोर्टमध्ये ही ओळ कायमची टाकली. म्हणूनच जोडीला युकास्ट या युरोपियन समितीची रॅस्ट पद्धत (बाटलीतून थेट झटपट सेन्सिटिव्हिटी) लावतो, बाटलीतलं साधारण १२५ मायक्रोलिटर सरळ म्यूलर-हिंटन प्लेटवर पसरायचं, औषधाच्या डिस्क ठेवायच्या आणि ४, ६, ८ तासांनी झोन (डिस्कभोवती जंतू न वाढलेली वर्तुळं) मोजायचे. खर्च जवळपास नाहीच, फक्त घड्याळाकडे लक्ष ठेवणारं माणूस हवं.

पीसीआर पॅनेलही (जंतूंचे जीन शोधणाऱ्या टेस्ट) आहेत, बायोफायरचं बीसीआयडी-२ साधारण तासाभरात जंतूचं नाव आणि जीन दोन्ही देतं, पण पैसे कितीतरी पट. खिशातून बिल भरणाऱ्या पेशंटसाठी मी तरी कार्ड अधिक रॅस्ट हेच सुचवेन.

आता रात्रीचं. बाटली रात्री ११ ला बीप झाली, म्हणजे पॉझिटिव्ह आली, की ती सकाळी ८ पर्यंत कल्चर मशीनमध्येच बसून राहते, नऊ तास घालवल्यावर १५ मिनिटांच्या टेस्टचं कौतुक कशाला? २००६ च्या कुमार आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सेप्टिक शॉकमध्ये बीपी पडल्यापासून पहिल्या ६ तासांत योग्य अँटिबायोटिकला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिराला जगण्याचं प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटलेलं दिसलं होतं. त्याच्याही आधीची गळती म्हणजे संध्याकाळी काढलेली बाटली सिस्टरच्या टेबलावरच रात्रभर पडून राहते, मशीनमध्ये लागतच नाही. कार्डवर पैसे घालण्याआधी तुमच्याकडे बाटली काढल्यापासून मशीनमध्ये जाईपर्यंत किती वेळ जातो तो रजिस्टरमध्ये लिहायला सुरुवात करा, बघून धक्का बसेल.

आम्ही सध्या बायोकेमिस्ट्रीच्या नाइट टेक्निशियनना ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून मायक्रोस्कोपखाली बघणं) आणि कार्ड शिकवतोय. दोघीजणी तयार झाल्यात, कार्डचा फोटो काढून मायक्रोबायोलॉजिस्टला पाठवतात आणि त्यांनी हो म्हटल्यावरच वॉर्डला कळवतात. रविवारची ड्युटी अजून कोणी घेत नाहीये, त्यासाठी मॅनेजमेंटकडे अर्ज दिलाय.