शॉटकटवर द्राक्षबागेचे व्हिडिओ: काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः आवाजाबद्दल

दिंडोरी आणि निफाडकडच्या द्राक्षबागायतदारांसाठी मी मार्गदर्शनाचे व्हिडिओ एडिट करते. छाटणी, डिपिंग, विरळणी, डाऊनी (केवडा) रोगाची फवारणी असे विषय असतात. या व्हिडिओंत चित्र थोडं हललं तरी चालतं, आवाज मात्र स्वच्छच लागतो. औषधाचं प्रमाण सांगताना एक आकडा गिळला गेला, तर ऐकणारा बागेत चुकीचा डोस टाकेल. ऑक्टोबर छाटणीपासून हे सगळं काम मी विंडोजच्या साध्या लॅपटॉपवर, शॉटकट या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये करते आहे. कटिंग, टायटल, रंग यांबद्दल इतरत्र भरपूर सापडतं, म्हणून इथे आवाजापुरतंच लिहिते.

सॉफ्टवेअरची ओळख दोन ओळींत: फुकट, मुक्तस्रोत, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, वॉटरमार्क टाकत नाही. आत एफएफएमपेग (जवळपास सगळ्या प्रकारच्या व्हिडिओ-ऑडिओ फायली वाचणारं साधन) असल्यामुळे फोन, कॅमेरा, रेकॉर्डर, व्हॉट्सॲप कुठूनही आलेली फाइल सहसा उघडते.

आता मुख्य गोष्ट. माझ्याकडे काम शिकायला येणारी मुलं हमखास म्हणतात, "ताई, आवाज येत नाहीये, सॉफ्टवेअर काढून परत टाकू का?" माझं उत्तर ठरलेलं आहे: काहीही काढायचं नाही, आधी आवाज कुठे अडकलाय ते शोधायचं. ठिबकचं पाणी शेवटच्या वेलीला पोचत नसेल तर आपण लगेच नवी पाइपलाइन टाकत नाही. मोटर बघतो, फिल्टर बघतो, मग लॅटरल (वेलींच्या रांगेतली ठिबकची नळी). आवाजालाही तीनच टप्पे आहेत: मूळ फाइल, टाइमलाइन (सॉफ्टवेअरमध्ये क्लिप ओळीने मांडतो ती पट्टी) आणि कॉम्प्युटरमधून कानापर्यंतची वाट. मूळ फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये वाजवून बघायची. ती नीट वाजली तर शॉटकटच्या व्ह्यू मेनूतून ऑडिओ पीक मीटर (आवाजाची पातळी पट्ट्यांनी दाखवणारा) उघडायचा आणि टाइमलाइन सुरू करायची. मीटरच्या पट्ट्या नाचताहेत पण कानात काही नाही, याचा अर्थ टाइमलाइन ठीक आहे आणि गडबड पुढे विंडोजमध्ये किंवा हेडफोनमध्ये आहे. पट्ट्या मेलेल्या असतील तर गडबड टाइमलाइनवरच आहे. या मीटरसाठीच मी हे सॉफ्टवेअर नवशिक्यांना सुचवते, इतका तो कामाचा आहे.

पट्ट्या मेलेल्या असतील तेव्हा ट्रॅकच्या डोक्यावरचं म्यूटचं बटण आधी बघा. ते ठीक असेल तर क्लिप निवडून प्रॉपर्टीजच्या ऑडिओ टॅबमध्ये कोणता ट्रॅक निवडलाय ते बघा. स्क्रीन रेकॉर्डिंगच्या फायलींत आणि काही नव्या फोनच्या व्हिडिओंत एकाहून जास्त ऑडिओ ट्रॅक असतात. त्यातला रिकामा ट्रॅक निवडला गेला की क्लिप मुकी वाटते.

पट्ट्या नाचत असतील तर विंडोजमध्ये आवाजाचं आउटपुट कोणत्या उपकरणाला जातंय ते तपासा. एडिट करता करता हेडफोन काढून स्पीकर लावला की गल्लत होऊ शकते. अशा वेळी प्रोजेक्ट सेव्ह करून शॉटकट बंद करून पुन्हा उघडणं सगळ्यात सोपं. त्याच्या सेटिंग्जमध्ये ऑडिओ एपीआय (विंडोजकडे आवाज पाठवायची पद्धत) निवडण्याची सोयही आहे, पण ती शेवटी वापरायची.

ब्लूटूथबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण "आवाज मागे पडतो" ही तक्रार बहुतेक तिथूनच येते. साधा ब्लूटूथ हेडफोन आवाज सहज 200 मिलीसेकंद उशिरा पोचवतो. सेकंदाला 25 फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम 40 मिलीसेकंदांची, म्हणजे ओठ आणि शब्द यांत पाच फ्रेमचं अंतर. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणाच्या शिफारशीनुसार आवाज साधारण 125 मिलीसेकंद उशिरा आला की माणसाच्या लक्षात यायला लागतं आणि 185 च्या पुढे तो स्वीकारण्याजोगा राहत नाही. मग एडिट करणारा काय करतो? ऑडिओ क्लिप पाच फ्रेम आधी, म्हणजे डावीकडे सरकवतो. त्याच्या कानाला सगळं जुळतं, आणि एक्स्पोर्ट झालेला व्हिडिओ मात्र सगळ्या जगाला बिघडलेला दिसतो. शॉटकटमध्ये प्लेअरपुरता सिंक (आवाज आणि चित्राचा मेळ) सरकवायची सेटिंग आहे, त्याने एक्स्पोर्टला धक्का लागत नाही. तरीही माझा आग्रह वायरच्या हेडफोनचाच आहे. ब्लूटूथचा आणखी एक त्रास म्हणजे मागे ऑनलाइन मीटिंगचं ॲप उघडं असेल आणि ते हेडसेटचा माइक वापरत असेल, तर हेडसेट फोनकॉलच्या मोडमध्ये जातो. आवाज एकदम दबका, डब्यातून आल्यासारखा होतो. रेकॉर्डिंग उत्तम असतं, फक्त मीटिंगचं ॲप बंद करायचं.

यापेक्षा खरा अवघड प्रकार वेगळा आहे. सुरुवातीला सगळं जुळलेलं असतं आणि दहाव्या मिनिटाला ओठ-शब्द फाटतात. इथे एक खूण लक्षात ठेवा: फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच असेल तर शंका हेडफोनवर किंवा चुकीच्या जोडणीवर घ्यायची, फरक वाढत जात असेल तर शंका फाइलवर घ्यायची. फोनचे कॅमेरे फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाहीत. पहाटे बागेत किंवा पॅकहाउसच्या शेडमध्ये उजेड कमी झाला की फोन सेकंदाला फ्रेम कमी घेतो, उजेड आला की वाढवतो. आवाज मात्र सेकंदाला 48,000 नमुन्यांच्या ठरलेल्या चालीने चाललेला असतो. टाइमलाइनला सगळ्या फ्रेम समान अंतरावर हव्या असतात, आणि तिथे दोघांची फारकत होते. वेग किंचित चुकीचा धरला गेला तरी फरक साचत जातो: 29.97 फ्रेमची फाइल 30 समजून चालवली तर वीस मिनिटांच्या मुलाखतीत जवळपास 1.2 सेकंदांची तफावत.

इथे शॉटकट मनापासून आवडलं. अशी फाइल उघडली की ते स्वतःहून सांगतं की हिचा फ्रेमदर बदलता आहे, एडिटिंगसाठी ही भरवशाची नाही, बदलून देऊ का? तीन दर्जे विचारतं. फोनच्या फुटेजला पहिला दर्जा पुरतो. वरच्या दर्जांना फाइल अवाढव्य होते आणि लॅपटॉपची डिस्क दोन बागांतच भरते. वेळ लागतो, पण हो म्हणा. घाईत नको म्हटलं तर त्याची किंमत दहाव्या मिनिटाला मोजावी लागते. सोबत प्रोजेक्टचा व्हिडिओ मोडही (चित्राचा आकार आणि फ्रेमदर) आधीच ठरवून ठेवा. तो ऑटोमॅटिक ठेवला तर पहिल्या क्लिपवरून ठरतो, आणि पहिली क्लिप बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरून आलेली लोगोची फाइल असते.

कॉलर माइकचा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेत असाल तर ‘अलाइन टू रेफरन्स ट्रॅक’ वापरा. फोनचा आवाज संदर्भ म्हणून ठेवायचा, रेकॉर्डरची क्लिप त्याच्याशी जुळवून घ्यायची आणि मग फोनचा ट्रॅक म्यूट करायचा. दोन यंत्रांची घड्याळं किंचित वेगळी चालतात, म्हणून लांब मुलाखतीत वेगाचा बारीक फेरफारही त्याला करू द्यावा.

आवाज तुटण्याचं म्हणाल तर प्लेबॅकमध्ये तो बऱ्याचदा चित्रामुळेच तुटतो. 4के, त्यातही एचईव्हीसी (जास्त दाबून लहान केलेली) फाइल साध्या लॅपटॉपला पेलत नाही. प्रोसेसर चित्र उलगडण्यात गुंततो आणि आवाजाला वेळेवर माल मिळत नाही. प्रिव्ह्यू स्केलिंग (एडिट करताना दिसणाऱ्या चित्राचा आकार) 360 किंवा 540 वर आणा, तरी नाही भागलं तर प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या नकला) चालू करा. एक्स्पोर्ट मूळ फायलींवरूनच होतो. आमच्याकडे वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो, पॉवर सेव्हर लागतो आणि मघाशी नीट चालणारी टाइमलाइन अडखळायला लागते. तेव्हा पॉवर मोड बघा. संशय राहिलाच तर अर्ध्या मिनिटाचा तुकडा एक्स्पोर्ट करून फोनवर ऐका. तो स्वच्छ असेल तर तुमचं काम सुरक्षित आहे, फक्त प्रिव्ह्यू अडतोय.

एक दोष असा आहे की तो लॅपटॉपवर कळतच नाही. काही माइक-ॲडॅप्टरच्या जोड्यांत डाव्या आणि उजव्या बाजूचा आवाज एकमेकांच्या उलट नोंदला जातो, म्हणजे एकीची लाट वर असते तेव्हा दुसरीची खाली. हेडफोनवर तो थोडा पोकळ वाटतो, पण फोनच्या एकाच स्पीकरवर दोन्ही बाजू एकत्र आल्या की एकमेकांना खोडतात आणि बोलणं जवळपास नाहीसं होतं. शेतकरी व्हिडिओ बघतो तो फोनच्या स्पीकरवरच. उपाय सोपा: कॉपी चॅनल फिल्टर लावून डावी बाजू उजवीकडे घ्या. आवाज एकाच कानात येत असेल तरी हाच फिल्टर.

पातळीसाठी नॉर्मलाइझचा दोन फेऱ्यांचा फिल्टर वापरते, लक्ष्य उणे 14 एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप). यूट्यूब साधारण त्याच पातळीला जास्त मोठा आवाज खाली आणतं, पण बारीक आवाज वर चढवत नाही. म्हणजे हळू बोलणाऱ्या काकांचा आवाज आपल्यालाच उचलावा लागतो. वाऱ्याच्या घोंघाटाला हाय पास (खालचे, घुमणारे सूर कापणारा) फिल्टर थोडी मदत करतो. शेजारच्या बागेत ट्रॅक्टरवरचा फवारणीचा ब्लोअर चालू असेल तर कुठलाच फिल्टर कामाचा नाही, ट्रॅक्टर थांबेपर्यंत आपण थांबायचं.

नियमित फिल्म किंवा लग्नाचं मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांचं) काम करणाऱ्याला शॉटकट तोकडं वाटेल. ऑडिओ मिक्सिंगची बारीक हत्यारं दुसरीकडे जास्त आहेत. बोलण्यावर उभ्या असलेल्या व्हिडिओंना ते पुरून उरतं. सॉफ्टवेअरचे वाचलेले पैसे नाशिकच्या एम. जी. रोडवर जाऊन वायरच्या चांगल्या हेडफोनवर आणि कॉलर माइकच्या वारा अडवणाऱ्या केसाळ टोपीवर घाला, आणि रेकॉर्डरचा सॅम्पल रेट (सेकंदाला नमुने) 44,100 वर असेल तर शूटिंगला निघण्याआधी 48,000 हर्ट्झवर करून घ्या.