तर्रीवाल्या घरासाठी मायक्रोवेव्हचं भांडं: काचेचाच सेट घ्या

जळगावच्या फुले मार्केटमधून बोरोसिलिकेट काचेचा तीन बाउलचा सेट घेतलाय, झाकणं प्लास्टिकची आहेत. उन्हाळ्यापासून रोज वापरतेय आणि मनापासून आवडलाय. सविस्तर लिहितेय कारण दुकानात मायक्रोवेव्हचं भांडं मागितलं की कायपण समोर ठेवतात.

आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ डिग्री, उरलंसुरलं सगळं फ्रीजमध्ये, मग गरम करायला निघतं काय तर शेवभाजीचा रस्सा नाहीतर रात्रीचं भरीत. म्हणजे तेल आलंच. पाणी १०० डिग्रीला उकळतं आणि तिथंच थांबतं, तेल त्याच्याही वर तापतं, म्हणून साध्या भाताला चालणारा प्लास्टिकचा डबा तर्रीच्या रेषेवर मऊ पडतो, खरखरीत होतो आणि हळदीचा डाग काही केल्या निघत नाही. डब्याखाली त्रिकोणात ५ असेल तर ते पॉलीप्रॉपिलीन, त्यातल्या त्यात बरं, पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, मायक्रोवेव्ह सेफ लिहिलेलं पाहिजेच, आणि तरी तेलकट त्यात नकोच. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे रिकामे डबे तर अजिबात नाही.

मेलामाइनच्या (म्हणजे चिनीमातीसारख्या दिसणाऱ्या कडक प्लास्टिकच्या) प्लेटींबद्दल दुकानदार म्हणे, "चालतं ना ताई, बिनधास्त टाका." नाही चालत! ते स्वतःच तापतं आणि गरम आंबट पदार्थात त्यातलं केमिकल उतरतं. सोनेरी काठाचे कप पण नको, ठिणग्या उडतात.

आता हा सेट. बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच फुगते, म्हणून तडकायची भीती कमी. कमी म्हणजे शून्य नाही हां, फ्रीजमधून काढून लगेच फुल पॉवरवर लावू नका आणि गरम बाउल ओल्या ओट्यावर टेकवू नका. रस्सा गरम केला तरी वास धरत नाही, डाग नाही, राखेबिखेने घासायची गरजच नाही, साध्या स्पंजने निघतं.

झाकणाचं मात्र जपा. क्लिपा लावून गरम केलं तर वाफ कोंडते, नुसतं वरून ठेवायचं. कन्व्हेक्शनवर (म्हणजे गरम हवेने भाजायच्या मोडवर) झाकण आत ठेवायचंच नाही, वितळेल. रबराच्या रिंगमध्ये मसाला अडकतो, ती काढून धुवावी लागते, हे मला आवडलं नाही. भरलेला मोठा बाउल जड होतो, सासूबाईंना दोन्ही हातांनी फडकं धरून काढावा लागतो.

घरातल्या जुन्या चिनीमातीच्या भांड्यांची शंका असेल तर (काठाला सोनेरी रंग नसेल तरच) रिकामं भांडं आणि शेजारी पाण्याने भरलेला कप ठेवून एक मिनिट फुल पॉवरवर लावा. पाणी गरम आणि भांडं थंड तर चालेल, भांडंच तापलं तर बाजूला काढा.

आणि भरीताची वांगी मायक्रोवेव्हमध्ये भाजायला जाऊ नका, तुरकाठ्यांचा धुरकट वास येणार कुठून? शिवाय टोचे न मारता ठेवलं तर वांगं आत फुटतं. भरीत गरम करायला मात्र मधला बाउल एकदम बरोबर मापाचा आहे. छोटा फक्त चटणीपुरता, त्यामुळे सुटे मिळाले तर मधला आणि मोठा असे दोनच घ्या.