गरम विहीर कायमची बुजवायला क्लास जी सिमेंट आणि सिलिका पावडर: घ्यावं का?

भूऔष्णिक विहीर बंद करायची म्हणजे तोंडावर पत्रा वेल्ड करून मोकळं होणं नव्हे. ‘द गीझर्स’ हे वाफेचं प्रचंड क्षेत्र ज्या राज्यात आहे, त्या कॅलिफोर्नियाचे नियम मीटरमध्ये बोलतात. भूजलाच्या थराच्या तळाशी आणि प्रत्येक केसिंगच्या (विहिरीच्या आतल्या पोलादी नळीच्या) शूपाशी, म्हणजे खालच्या टोकाशी, किमान ३० मीटर सिमेंट, लायनरच्या (केसिंगच्या खाली लटकवलेल्या आतल्या नळीच्या) माथ्यावर १५ मीटर, सगळ्यात वर आणखी १५ मीटर. उरलेल्या जागेत जड मड, म्हणजे ड्रिलिंगचा दाट चिखलद्रव. केसिंग जमिनीखाली दीड मीटरवर कापायचं. पण मीटर भरले तरी बूच टिकतंच असं नाही. ते पोत्यात काय आहे यावर ठरतं.

नुसतं पोर्टलंड सिमेंट (क्लास जी हे त्याचंच विहिरींसाठीचं रूप) ११० अंश सेल्सियसच्या वर गेलं की त्याची रचनाच बदलते. सुरुवातीला छान घट्ट झालेलं सिमेंट पुढे ताकद गमावतं आणि सच्छिद्र होतं. यावरचा उपाय म्हणजे २०० मेशची (अगदी बारीक चाळणीतून गेलेली) सिलिका पावडर, सिमेंटच्या वजनाच्या ३५ ते ४० टक्के. चिमूटभर घालून भागत नाही.

हिशोब असा: ५० किलोच्या एका पोत्याला १७.५ किलो सिलिका आणि साधारण २८.५ लिटर पाणी. यातून सुमारे ५१ लिटर स्लरी (पातळ कालवलेलं सिमेंट) निघते, घनता १.८८च्या आसपास. ९ ५/८ इंची, फुटामागे ४७ पौंडी केसिंगमध्ये मीटरमागे ३८ लिटर मावतात. म्हणजे ३० मीटरच्या बुचाला २३ पोती, आणि वाया जाणारं धरून २६-२७ मागवावीत.

क्लास जी विहिरींच्या कामासाठीच बनतं, आणि तिथे ते पैसे वसूल करतं. ५२ अंशांच्या ठरलेल्या चाचणीत घट्ट व्हायला लागणारा वेळ ९० ते १२० मिनिटांत बसावा लागतो, म्हणून रिटार्डरचा (सिमेंट उशिरा घट्ट करणाऱ्या रसायनाचा) डोस आधी नीट बांधता येतो. बांधकामाच्या ५३ ग्रेडला असली हमी नाही. स्वस्त म्हणून ते घेणाऱ्याचा पंपिंगचा पाइप सिमेंटातच अडकू शकतो. घेताना पोत्यावर आयएस ८२२९ (तेलविहिरींच्या सिमेंटचं भारतीय मानक) आणि एचएसआर, म्हणजे सल्फेटला जास्त दाद न देणारा प्रकार, हे दोन्ही बघा. पावसाळ्यात दमट गोदामात राहिलेलं पोतं नकोच.

तक्रारीची जागा मिश्रणाची. साइटवर फावड्याने कालवलेलं मिश्रण थरात वेगळं होतं आणि बुचाचा एखादा भाग सिलिकाविना राहतो. पुरवठादाराकडून कोरडं, यंत्रात मिसळलेलंच घ्या. शिवाय ही धूळ फुप्फुसांचा घात करते. तोंडाला रुमाल बांधून हे काम करू नये.

सिमेंट वरून ओतायचं नाही, पाइपमधूनच पंप करायचं. नियमही तेच सांगतो. खाली हलका द्रव असेल तर जड स्लरी त्यात सरळ बुडते, म्हणून आधी ब्रिज प्लग (केसिंगमध्ये घट्ट बसवायचं यांत्रिक बूच) किंवा घट्ट बेंटोनाइटचा (फुगणाऱ्या चिकणमातीचा) आधार द्यावा. भेगाळ खडकात तर हा आधार नसेल तर पोतीच्या पोती खडक गिळतो. पंप करण्याआधी थंड पाणी सोडून विहीर निववावी. सिमेंट बसल्यावर पाइप टेकवून बुचाचा माथा तपासावा. नुसत्या हिशोबावर विसंबू नये.

कार्बन डायऑक्साइड भरपूर असलेल्या क्षेत्रात मात्र या मिश्रणाला आमची शिफारस नाही. न्यूझीलंडमधल्या अभ्यासांत जास्त सिलिकावालं सिमेंट त्या वायूने लवकर पोखरलेलं दिसलं. तिथे कॅल्शियम अॅल्युमिनेट फॉस्फेट सिमेंट बरं, पण टाकीत जुनं पोर्टलंड राहिलं तर ते क्षणात गोठू शकतं.

कोकणातल्या तुरळ-राजवाडी, उन्हवरे अशा झऱ्यांजवळच्या उथळ, शंभर अंशांखालच्या बोअरला सिलिकाचा खर्च करू नका. साधं क्लास जी पुरे. सर्वोच्च न्यायालयाचे २०१० चे निर्देश पडीक बोअर तळापासून माती, वाळू, दगडगोट्यांनी भरायला सांगतात. मूल पडू नये यासाठी ते योग्यच, पण दाबाखालचं गरम पाणी वाळू अडवत नाही. तिथे झऱ्याच्या पाण्याच्या थरावर सिमेंटचं बूच आधी, भराव त्यानंतर.