जुने सराउंड स्पीकर नव्या रिसीव्हरला जोडले, त्याला आठ महिने झाले

"मेन बोर्ड गेलाय. बाहेरचे स्पीकर लावलेत, म्हणजे वॉरंटीत बसणार नाही. साडेअकरा हजार होतील." सिनेमाच्या मध्येच बंद पडणाऱ्या माझ्या रिसीव्हरचं, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या यंत्राचं, झाकणही न उघडता सर्व्हिस सेंटरच्या माणसाने हे सांगितलं. मला राग आला तो 'बाहेरचे' या शब्दाचा. अहो, रिसीव्हरसोबत स्पीकर येतच नाहीत, मग जो लावू तो बाहेरचाच! पैसे दिले नाहीत, रिसीव्हरही नेऊ दिला नाही. पुढे जे सापडलं त्यासाठी हे लिहितोय.

माझा जुना सेट २००९ चा, एका खोक्यात सगळं मिळायचं त्या प्रकारातला. डीव्हीडी प्लेअरची लेन्स गेली, पण चारही छोटे स्पीकर ठणठणीत होते. चांगली वस्तू भंगारात टाकणं मला जमत नाही. नवा ५.२ रिसीव्हर घेतला (पाच स्पीकर आणि दोन सबवूफर जोडता येणारा), समोरची जोडी आणि त्यांच्या मधला सेंटर स्पीकर नवे घेतले आणि सराउंडला, म्हणजे बाजूच्या-मागच्या आवाजाला, जुनेच लावायचं ठरवलं. जुना सबवूफर, म्हणजे जाड आवाजाचा मोठा स्पीकर, मात्र बाद झाला. त्याच्या पोटात स्वतःचा अॅम्प्लिफायर नव्हता आणि नव्या रिसीव्हरकडून सबसाठी फक्त सिग्नल मिळतो, ताकद नाही.

पहिली अडचण प्लगची. जुन्या कंपनीने स्पीकरच्या वायरींना स्वतःच्याच आकाराचे रंगीत प्लॅस्टिकचे प्लग लावले होते, ते जगात दुसऱ्या कुठल्याही यंत्राला बसत नाहीत. आतून साधी दोन तारांची वायर. नुसत्या प्लगच्या आकारामुळे किती घरांतले धडधाकट स्पीकर कचऱ्यात गेले असतील, या विचाराने मी आजही अस्वस्थ होतो. प्लग कापले, टोकं सोलली. प्लस कुठली हे वायरीवरच्या पट्टीवरून कळेना, तेव्हा स्पीकरची जाळी काढून वायरला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवला. पडदा बाहेर आला की सेलच्या प्लसला लागलेली तार ती प्लस, आत गेला की उलटं. हे तपासल्याशिवाय जोडू नका. उलटसुलट जोडणीत आवाज येतो, पण तो पोकळ वाटतो आणि नेमका कुठून येतोय ते कळत नाही.

दुसरी अडचण खरी मोठी, ओहमची, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्या मापाची. जुन्या स्पीकरच्या पाठीवर ३ ओहम लिहिलंय आणि रिसीव्हरच्या मागे ६ ते १६. वीस व्होल्टला ८ ओहमचा स्पीकर अडीच अँपिअर घेतो, ३ ओहमचा जवळपास पावणेसात घेईल, आणि तेवढा भार रिसीव्हरसाठी नाही. मेनूमध्ये ओहमचं सेटिंग असतं, पण त्याने रिसीव्हर आपली ताकद आखडती घेतो, म्हणजे सराउंडसाठी समोरच्या चांगल्या स्पीकरनाही शिक्षा. मी चारही जुने स्पीकर वापरले, प्रत्येक बाजूला दोन सिरीजमध्ये. रिसीव्हरची प्लस पहिल्याच्या प्लसला, पहिल्याची मायनस दुसऱ्याच्या प्लसला, दुसऱ्याची मायनस परत रिसीव्हरला. ३ आणि ३ मिळून ६. एकही स्पीकर वाया गेला नाही, याचं समाधान फार आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीतून शुद्ध तांब्याची वायर आणली. स्वस्त वायरीत अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, टोक खरवडलं की पांढरं दिसतं.

स्पीकर बसण्याच्या जागेच्या बाजूला, किंचित मागे आणि कानाच्या थोडे वर लावले. माइक लावून ऑटो सेटअप केला, त्याने क्रॉसओव्हर १२० हर्ट्झ दिला, म्हणजे त्याखालचे जाड आवाज या छोट्या स्पीकरकडे कमी पाठवायचे. तीन इंची पडद्याला तो झेपेना, मी १५० केला आणि आवाज मोकळा झाला. पहिल्या पावसाच्या दृश्यात डावीकडच्या भिंतीवर खरंच पाणी पडतंय असं वाटून आई खिडकी बघायला उठली होती.

पाचव्या महिन्यात रिसीव्हर सिनेमाच्या मध्येच बंद पडू लागला. बातम्या चालू असताना कधी नाही, सिनेमात मात्र हमखास, तेही रोज नाही. तेव्हा मी ओळखीच्या दोघांना ठामपणे सांगितलं होतं की जुने स्पीकर नव्या रिसीव्हरला लावू नका. ते मत मी आता मागे घेतो.

सर्व्हिसवाला गेल्यावर मी सगळ्या वायरी रिसीव्हरपासून सोडवल्या आणि मल्टिमीटर लावला. मीटरवर ओहम छापील आकड्यापेक्षा थोडा कमीच दिसतो. उजवी बाजू ५.६, डावीही ५.६. काहीच चूक नाही. तेवढ्यात आई नेहमीसारखी दिवाणावर येऊन बसली आणि डावीकडचा आकडा ०.३ वर आला. ती उठली, पुन्हा ५.६. वायर दिवाणाच्या मागच्या पायाखाली गेली होती आणि दाबाने आतल्या दोन्ही तारा एकमेकींना टेकत होत्या. बातम्यांत सराउंडला आवाजच जात नाही, म्हणून तेव्हा काही होत नव्हतं. सिनेमात तिकडे आवाज गेला आणि आई बसलेली असली, की शॉर्ट. रिसीव्हर स्वतःला वाचवत होता. ज्या बंद पडण्याला मी दोष म्हणत होतो, त्यानेच आतले ट्रान्झिस्टर वाचवले.

दुरुस्तीला मीटरभर वायर आणि केसिंग पट्टी लागली, दीडशे रुपयांच्या आत. साडेअकरा हजार कुठे! त्या माणसाने वायरी सोडवून रिसीव्हर नुसता चालू करून बघितला असता, तरी बोर्ड ठीक असल्याचं पाच मिनिटांत दिसलं असतं. मी तक्रार लेखी दिली आहे, अजून उत्तर नाही.

त्यानंतर तीन महिने एकदाही बंद पडलेला नाही. डावीकडच्या वरच्या स्पीकरची जाळी मोठ्या आवाजात थरथरते, तिला या आठवड्यात आतून फेल्टची पट्टी लावणार आहे. आणि कापलेले ते चार प्लग अजून ड्रॉवरमध्ये आहेत. कोणाकडे त्याच जातीचा सेट अजून चालू असेल आणि प्लग तुटला असेल, तर घेऊन जा.