बीसी-६११ : आठ महिने वापरल्यानंतर

गेले आठ महिने माझ्याकडे बीसी-६११ आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी पायदळ वापरायचं तोच हा कानाला लावून बोलायचा बिनतारी संच, एक लांबट डबा. शिकागोच्या गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंगने तो बनवला. हीच कंपनी १९४७ साली मोटोरोला झाली. बरेच जण याला वॉकी-टॉकी म्हणतात, पण त्या काळी ते नाव पाठीवर घ्यायच्या एससीआर-३०० चं होतं. हातातला हा हँडी-टॉकी.

घेताना मला व्हॉल्व्हची, म्हणजे आतल्या काचेच्या रेडिओ नळ्यांची, काळजी होती. ती फुकट गेली. संचासोबत आलेले पाचही व्हॉल्व्ह अजून ठणठणीत आहेत. माझा वेळ खाल्ला तो स्विचने आणि ट्यूनिंगने.

आधी बॅटरीचं सांगतो, कारण इथे चूक झाली तर पुढचं काही उरतच नाही. मूळ संचाला दोन बॅटऱ्या लागत: फिलामेंटसाठी (व्हॉल्व्हमधली तापणारी तार) १.५ व्होल्टची आणि प्लेटसाठी (व्हॉल्व्हमधला धन पत्रा) १०३.५ व्होल्टची. त्या आता मिळत नाहीत. मी ९ व्होल्टच्या अकरा चौकोनी बॅटऱ्या एकापुढे एक जोडून कागदी नळीत बसवल्या. नव्या असताना १०० च्या थोडं वर भरतात. फिलामेंटला साधा मोठा १.५ व्होल्टचा सेल. आता धोका बघा. या व्हॉल्व्हचं फिलामेंट १.४ व्होल्टचं आहे. प्लेटची तार चुकून तिकडे टेकली तर पाचही व्हॉल्व्ह एका क्षणात जातील. म्हणून जोडणीची दोन्ही टोकं मी वेगवेगळ्या आकाराची केली आहेत, उलटी बसूच शकत नाहीत. शंभर व्होल्टचा झटकाही साधा नसतो, हेही ध्यानात असू द्या.

फिलामेंटचा सेल आधी उतरतो आणि फसवतो. ऐकता ऐकता संच अचानक गप्प होतो, जणू काही जळलंय. प्रत्यक्षात व्होल्टेज थोडं खाली आलं की ऑसिलेटर (आतली लहर तयार करणारा भाग) चालेनासा होतो, एवढंच. पहिल्या वेळी मी अख्खी संध्याकाळ सोल्डर तपासण्यात घालवली. आता आधी सेल मोजतो.

या संचाला आवाजाची खुंटी नाही, चॅनलची नाही, चालू-बंदचीही नाही. अँटेना बाहेर ओढली की चालू, आत ढकलली की बंद. बोलायला एकच बटण. पण त्या बटणाखाली जो सरकता स्विच आहे, तो म्हणजे या संचाचा प्राण. पाच व्हॉल्व्हमध्ये घेणं आणि पाठवणं दोन्ही बसवायचं, म्हणून बटण दाबलं की व्हॉल्व्हची कामंच बदलतात. ऐकताना जो व्हॉल्व्ह इअरफोन चालवतो, तोच बोलताना मॉड्युलेटर होतो, म्हणजे आवाज रेडिओ लहरीवर चढवतो. ही सगळी अदलाबदल त्या स्विचच्या पट्ट्या करतात. माझ्या संचात त्या काळ्या पडल्या होत्या. बटण सोडलं तरी ऐकू येईना, दोन-तीनदा दाबलं की यायचं. सँडपेपर अजिबात लावू नका, चांदीचा मुलामा निघून जाईल. मी जाड कागदाची पट्टी कॉन्टॅक्ट क्लीनरमध्ये भिजवून प्रत्येक जोडीतून हलकेच ओढली. सुरुवातीला काळी निघायची, सातव्या-आठव्या पट्टीनंतर कोरी निघू लागली. दोष तिथेच संपला.

दोन कपॅसिटर बदलले. त्यातला एक गळका होता आणि आवाजाच्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर) धन व्होल्टेज सोडत होता. आवाज घोगरा आणि बॅटरीवर फुकटचा भार. बाकीचे मोजून ठेवले, चांगले होते, हात लावला नाही.

आता ट्यूनिंग. संच ३.५ ते ६ मेगाहर्ट्झमध्ये चालतो आणि प्रत्येक चॅनलला क्रिस्टलची (वारंवारता पक्की धरणाऱ्या क्वार्ट्झच्या चकत्यांची) जोडी लागते. घेण्याचं क्रिस्टल पाठवण्याच्या क्रिस्टलपेक्षा ४५५ किलोहर्ट्झने वर, कारण आलेला सिग्नल आत आधी ४५५ वर आणला जातो. म्हणजे ३६०० ला पाठवायचं तर दुसरं ४०५५ चं. जुनी क्रिस्टलं कधी कधी सुस्तावतात. एक उघडून क्वार्ट्झची चकती स्पिरिटने धुतली, लगेच चालू लागलं. त्या ४५५ ला जुळवलेले ट्रान्सफॉर्मर सिग्नल जनरेटर लावून तपासले, जागेवरच होते. उगाच फिरवू नका, जुने कोर (कॉइलच्या आतले फिरते गाभे) तडकतात.

मग वारंवारता जुळवणारी टँक कॉइल आणि अँटेना कॉइल. चासी (आतला सांगाडा) टेबलावर उघडी ठेवून मी दोन्ही सिग्नलच्या नीट शिखरावर आणल्या, केसमध्ये घातल्या आणि संच मेल्यासारखा झाला. पुन्हा बाहेर, पुन्हा ट्यून, पुन्हा तेच. असं तीन वेळा. मग डोक्यात प्रकाश पडला. ३.६ मेगाहर्ट्झची तरंगलांबी ८३ मीटर, आणि अँटेना जेमतेम एक मीटर. इतक्या आखूड अँटेनाला केस आणि ती धरणारा माणूस हाच दुसरा अर्धा भाग असतो, म्हणून उघड्यावरचं ट्यूनिंग केसमध्ये गेल्यावर हुकतं. युद्धकाळात या कामासाठी आयई-१७ नावाचा खास चाचणी संच होता, तो उगाच नव्हता.

मी केसच्या मापाचं ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं नळकांडं केलं आणि कोरच्या समोर दोन भोकं पाडली. भाऊ संच कानाला लावून उभा राहिला, मी प्लास्टिकच्या स्क्रू-ड्रायव्हरने अँटेना कॉइल फिरवली. चार पावलांवर डायोड आणि मायक्रोअ‍ॅमीटरचं साधं फील्ड मीटर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या लहरीचा जोर दाखवणारं. काटा चढत गेला, शिखरावर टेकला. भावाने संच टेबलावर ठेवला तसा काटा निम्म्याच्याही खाली. उचलला, परत वर. तो दिवस मी विसरणार नाही.

एक गोष्ट ठासून सांगतो: हौशी रेडिओचा परवाना नसेल तर बोलण्याचं बटण दाबू नका. नुसतं ऐकण्यातही भरपूर आनंद आहे.

पल्ल्याचं म्हणाल तर ताकद ०.३६ वॅट. तेव्हाही जमिनीवर सुमारे एक मैल धरत. माझा आवाज मोकळ्या माळावर एक किलोमीटरवर घरच्या मोठ्या रिसीव्हरवर स्वच्छ ऐकू आला, झाडांमागे गेलो की खरखर. सव्वादोन-अडीच किलोचा डबा दहा मिनिटं कानाला धरला की मनगट भरून येतं. पण आवाजात एक ऊब आहे, ती मला आजच्या छोट्या संचांत सापडत नाही.

वापरून झालं की बॅटऱ्या काढून ठेवतो. तळाच्या झाकणापाशी कुणाच्या तरी गळक्या सेलने खाल्लेला हिरवट डाग अजून आहे.